जळगावात राहून विचारप्रवर्तक कसे व्हावे

पूर्वी जळगावात माणूस मोजणं सोपं होतं. केळी किती एकर, सराफ बाजारात खातं कोणाकडे आणि मुलगा पुण्याला काय करतो, या तीन प्रश्नांत काम व्हायचं. आता मुलगा सगळ्यांचाच पुण्याला असतो आणि सगळ्यांचाच तेच करतो. म्हणून नवं माप आलं आहे : "तुमचे आवडते विचारप्रवर्तक अमेरिकन सिनेमे कोणते?"

हा प्रश्न कोण विचारतं? मला अजून कोणीही विचारलेला नाही. अकरा वर्षं वाट पाहतोय. पण विचारला आणि यादी तयार नसली तर केवढी नाचक्की! खान्देशातल्या अशा होतकरूंसाठी, स्वतःच्या अनुभवातून सिद्ध झालेली ही दहा पायऱ्यांची मार्गदर्शिका.

साहित्य : एक मोबाईल किंवा टीव्ही. पुण्यातल्या आतेभावाचा पासवर्ड (त्याने बदलला की फोन करून आत्याच्या गुडघ्यांची चौकशी करावी, नवा मिळतो). एक कूलर. केळीच्या वेफर्सची दोन पाकिटं. चाळीस पानी वही. वेळ : रोज वीस मिनिटं. सिनेमा दोन तासांचा असतो हे खरं, पण यादी करायला तो बघावा लागतो हा गैरसमज आधी डोक्यातून काढा.

पायरी १ : जीभ धुवून घ्या

आपण लहानपणापासून 'पिच्चर' बघत आलो. 'पिच्चर' विचार प्रवर्तित करत नाही, तो फक्त लागतो आणि उतरतो. आजपासून 'सिनेमा' म्हणा. आठवड्याने 'फिल्म' म्हणा. महिन्याभरात 'कलाकृती' जिभेवर बसली तर तुमची प्रगती समाधानकारक आहे.

नटाचं नाव घ्यायचं नाही, दिग्दर्शकाचं घ्यायचं. "हेन्री फोंडाचा सिनेमा" म्हणणारा प्रेक्षक असतो, "लुमेटचा सिनेमा" म्हणणारा जाणकार. नावं अवघड असतात, पण घाबरू नका. स्कॉर्सेसी, कुब्रिक, ऑल्टमन ही नावं नेहमी भाकरीचा घास तोंडात असताना घ्यावीत. उच्चार चुकला तर दोष कळण्याच्या भाकरीवर जातो, आणि ती बिचारी काही बोलत नाही.

पायरी २ : पहिला नंबर डोळे झाकून भरा

पहिल्या जागेवर 'सिटिझन केन' लिहा. डोळे उघडायची गरज पुढेही पडणार नाही.

तोंडपाठ करायचं ते एवढंच : साल १९४१. दिग्दर्शक आणि नायक ऑर्सन वेल्स, तेव्हा वय पंचवीस. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने १९९८मध्ये शंभर अमेरिकन सिनेमांची यादी केली आणि २००७मध्ये पुन्हा केली, दोन्ही वेळा पहिला हाच. ऑस्करची नामांकनं नऊ, हाती लागलं एक, तेही पटकथेचं. 'नऊपैकी एक' हे म्हणताना किंचित हसा, जणू त्या वर्षी तुम्ही परीक्षकांना आधीच बजावलं होतं.

गोष्ट अशी की एक वृत्तपत्रसम्राट आपल्या अवाढव्य वाड्यात एकटा मरतो, मरताना 'रोझबड' एवढा एकच शब्द उच्चारतो आणि एक पत्रकार त्या शब्दाचा अर्थ शोधत फिरतो. रोझबड म्हणजे काय, असं कोणी विचारलंच तर सांगून टाकू नका. "बालपण..." एवढं म्हणून खिडकीबाहेर बघा. खिडकी नसेल तर पंख्याकडे.

धोक्याची सूचना : अशा वेळी चाळीसगावचा विषय निघू देऊ नका. चाळीसगावला केकी मूस नावाचे छायाचित्रकार होते. स्टेशनजवळच्या आपल्या घरात जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी स्वतःला कोंडून घेतलं, टेबलावर मांडलेल्या वस्तूंमधून डोंगर, वादळं आणि सूर्यास्त उभे केले आणि १९८९मध्ये तिथेच देह ठेवला. पंजाब मेलने कोणीतरी येणार होती आणि ते तिची वाट पाहत राहिले, असं सांगतात. केनला रोझबड, केकींना पंजाब मेल. त्यांचं कलादालन आजही आहे आणि जळगावहून गाडीने सहज जाऊन येता येतं. पण तिथे गेलात तर अमेरिकेचं काय कौतुक राहणार? तेव्हा जाऊ नका.

पायरी ३ : आवडता सिनेमा यादीतून काढा

'द शॉशँक रिडेम्प्शन' तुम्हाला आवडतो, मला माहीत आहे. सगळ्यांनाच आवडतो आणि हाच त्याचा दोष. १९९४मध्ये आला तेव्हा तिकीटबारीवर आपटला, ऑस्करच्या सात नामांकनांपैकी एकाचंही सोनं झालं नाही. तेव्हा तो यादीत घेण्यालायक होता. पुढे कॅसेट आणि टीव्हीवर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि आयएमडीबीवर प्रेक्षकांच्या मतांनी ठरणाऱ्या यादीत २००८पासून तो पहिल्या जागेवर बसला आहे. आता माझा कटिंगवालासुद्धा वस्तरा माझ्या मानेवर ठेवून मला त्याचा शेवट समजावून सांगतो. मानेवर वस्तरा असताना मतभेद व्यक्त करता येत नाहीत.

शिवाय कथेत आपल्याला धक्का बसावा असं काही नाही. एक निरपराध माणूस छोट्याशा हातोडीने तुरुंगाची भिंत पोखरतो आणि वीस वर्षांच्या आत पलीकडे निघतो. आपण महामार्गाचं चौपदरीकरण पाहिलेली माणसं. वीस वर्षांत भोक आरपार गेलं म्हणजे काम मुदतीत झालं.

काढून टाका. आठवण आली तर रात्री घरचे झोपल्यावर बघा. मी सहा वेळा पाहिला आहे.

पायरी ४ : झोपेचं नियोजन

यादीत '२००१ : अ स्पेस ओडिसी' नसेल तर तुमच्याशी कोणी बोलणार नाही. सिनेमा कुब्रिकचा, साल १९६८. पहिली पंचवीस मिनिटं पडद्यावर कोणी एक शब्द बोलत नाही. माणूस होण्याच्या बेतात असलेली माकडं आहेत, एक काळी शिळा आहे आणि एक हाड आहे. ते हाड वर उडतं आणि पुढच्या क्षणी अवकाशयान होतं, लाखो वर्षं एका फटक्यात पार. हा क्षण जागेपणी बघा, पुढे चर्चेत लागतो.

हा सिनेमा मे महिन्यात दुपारी बघावा. बाहेर पारा पंचेचाळीसवर, कूलरला वाळ्याची नवी ताटी, टाकी काठोकाठ. दहाव्या मिनिटाला कूलरची घरघर कुठली आणि सिनेमातली घरघर कुठली हे कळेनासं होतं. यान उडालं की तुम्ही झोपता. लाज वाटून घेऊ नका, सगळ्यांचं असंच होतं, फक्त कोणी सांगत नाही. कूलरमधलं पाणी संपून मोटार कोरडी ओढू लागली की जाग येते. तेव्हा पडद्यावर पलंगावर पडलेला एक म्हातारा असतो आणि मग अंतराळात तरंगणारं एक भलंमोठं बाळ. झालं. सुरुवात पाहिली, शेवट पाहिला. मधल्याबद्दल कोणी विचारत नाही, कारण विचारणाराही कूलरसमोरच झोपलेला असतो.

आता या मार्गदर्शिकेतला सोन्याचा नियम लिहून घ्या. झोप लागलेल्या, अर्धवट सोडलेल्या किंवा सुरूच न केलेल्या सिनेमाबद्दल कोणी काहीही विचारलं तर म्हणायचं : "शेवट खुला आहे." हे वाक्य म्हणजे गोधडी आहे. केवढीही झोप तिच्याखाली झाकली जाते.

पायरी ५ : बारा माणसं आणि एक पंखा

'ट्वेल्व्ह अँग्री मेन', १९५७, सिडनी लुमेटचा पहिलाच सिनेमा. लांबी शहाण्णव मिनिटं आणि जवळजवळ सगळा एका खोलीत. बापाच्या खुनाचा आरोप असलेला पोरगा दोषी आहे असं अकरा ज्युरर म्हणतात, एकटा आठवा ज्युरर म्हणतो, थांबा.

जळगावच्या माणसाला हा सिनेमा सबटायटलशिवाय कळतो. वर्षातला सगळ्यात गरम दिवस, बंद खोली, घामाने भिजलेले शर्ट. एक जण पंख्याचं बटण दाबून बघतो, पंखा फिरत नाही. आपल्या मनात लगेच येतं : कॅपॅसिटर गेला असणार. अमेरिकन टीकाकारांनी या सिनेमात लोकशाही पाहिली, पूर्वग्रह पाहिले, न्याय पाहिला. कॅपॅसिटर फक्त आपण पाहिला. (पंखा दिव्यांच्या बटणाला जोडलेला असतो हे पुढे कळतं. पण तोवर निम्म्या जळगावने इलेक्ट्रिशियनला फोन लावलेला असतो.)

एका ज्युररच्या खिशात संध्याकाळच्या बेसबॉलची तिकिटं आहेत, म्हणून त्याला पोराच्या फाशीची घाई आहे. हा माणूस तुम्ही ओळखता. आपल्या प्रत्येक सभेत तो असतो आणि त्याला महाराष्ट्र एक्सप्रेस गाठायची असते.

सिनेमाची शिकवण प्रत्यक्षात उतरवायचा मोह मात्र टाळा. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या वर्गणीला अकरा जणांनी हात वर केले. मी एकटा उभा राहिलो आणि म्हणालो, "मला वाजवी शंका आहे." सिनेमात शहाण्णव मिनिटांत अकरा जणांची मतं बदलतात. आमच्याकडे सहा मिनिटांत त्यांनी मला सचिव केलं.

"पण आपल्याकडे ज्युरी कुठे आहे?" असं कोणी म्हणालं तर १९५९चा नानावटी खटला काढा. मुंबईत नऊ ज्युररांपैकी आठांनी आरोपीला निर्दोष ठरवलं आणि न्यायाधीशांनी तो कौल नाकारून प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं. हा विषय निघाला की सिनेमा मागे पडतो आणि तुमची सुटका होते.

जाता जाता : आठव्या ज्युररचं काम हेन्री फोंडाने केलं आहे. नटाचं नाव घेऊ नका असं मीच सांगितलं, तरी हे लक्षात ठेवा. शेवटच्या पायरीवर हा गृहस्थ पुन्हा येणार आहे आणि माझं नुकसान करणार आहे.

पायरी ६ : 'अमेरिकन' या शब्दावर भांडण लावा

तरुण पिढीसाठी यादीत एक नोलन हवा. 'इन्सेप्शन' घ्या, २०१०चा. स्वप्नात स्वप्न, त्यात आणखी एक, आणि शेवटी टेबलावर फिरणारा भोवरा पडतो की नाही हे कळायच्या आत पडदा काळा. याचा शेवट खरोखरच खुला आहे, म्हणून आपलं सोन्याचं वाक्य इथे वापरू नका. खरं बोलल्यासारखं होतं.

तेवढ्यात कोणीतरी म्हणेल, नोलन तर लंडनचा. हीच संधी. चॅप्लिनही लंडनचा होता, हिचकॉकही लंडनचा आणि 'द ट्रुमन शो'चा पीटर वेअर ऑस्ट्रेलियाचा, असा सपाटा लावा. वाद तापला की मिटवायला सुवर्णनगरीचा दाखला द्या : सोनं बाहेरचं असलं म्हणून काय झालं, घडणावळ तर जळगावची ना? यावर कोणी सराफ असेल तर तो मान डोलावतो. बाकीचे घडणावळीचा आजचा दर विचारतात.

पायरी ७ : हिंदी पाप लपवा

कटू सत्य ऐका. तुमच्या यादीतलं निम्मं हॉलिवूड तुम्ही लहानपणीच पाहिलं आहे, हिंदीत आणि गाण्यांसकट. 'सत्ते पे सत्ता' पाहताना तुम्ही १९५४चा 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स' पाहत होता. 'चोरी चोरी' आणि 'दिल है कि मानता नहीं' या दोघांचं मूळ १९३४च्या 'इट हॅपन्ड वन नाइट'मध्ये आहे. 'गजनी'च्या अंगावरचं गोंदण 'मेमेंटो'वरून आलं. बारा संतापलेली माणसं तर १९८६मध्येच 'एक रुका हुआ फैसला' म्हणून हिंदीत भांडून मोकळी झाली होती.

तेव्हा क्रम उलटा करा. आधी मूळ सिनेमाचं नाव घ्यायचं, मग सुस्कारा टाकायचा, मग "हिंदीत त्याची फार हेळसांड झाली" असं म्हणायचं. हिंदीतला तुम्ही चार वेळा पाहिलाय आणि त्यातली गाणी आंघोळीला म्हणता, हे बाथरूमच्या दाराआड राहू द्या.

पायरी ८ : धुळेकरांसाठी विशेष इशारा

धुळेकर मित्रहो, पाच कंदिलाजवळ चहा झाला की देवपुराकडे वळा, राजवाडे संशोधन मंडळात जाऊन जुने कागद बघा, काहीही करा, पण आग्रा रोडने नाशिकच्या दिशेला जाऊ नका. तासाभरात मालेगाव लागतं आणि तिथे आपल्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

यंत्रमागांच्या या गावात शेख नासिर नावाचा माणूस व्हिडिओ पार्लर चालवायचा. सिनेमे पाहून त्याला जे सुचलं, ते त्याने वहीत लिहिलं नाही. त्याने 'मालेगाव के शोले' काढला. दरोडेखोरांना घोडे परवडेनात तर त्यांना सायकली दिल्या. कॅमेरा सरकवायला रूळ नव्हते तर सायकल घेतली, उंचावरून शॉट घ्यायला क्रेन नव्हती तर बैलगाडी उभी केली. मग त्याची नजर थेट अमेरिकेच्या सुपरमॅनवर गेली. मागावर काम करणारा काटकुळा शफीक सुपरमॅन झाला, हिरव्या कापडापुढे आडवा होऊन उडाला, आणि खलनायक असा की त्याला घाण मनापासून आवडायची. फैजा अहमद खान यांनी या सगळ्या खटाटोपावर २००८मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, तो जगभर फिरला. २०२४मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' टोरांटोच्या महोत्सवात गेला.

आता तुम्हीच सांगा, या गावात जाऊन "माझी एक वैयक्तिक यादी आहे" असं कोणत्या तोंडाने म्हणणार? समोरचा विचारणार : "अच्छा, और आपने बनाया क्या?"

अमेरिकेचा सुपरमॅन पाहून जो विचार करत बसतो, तो आपल्या कामाचा. जो उठून सायकल काढतो, त्याच्यापासून चार हात दूर राहा.

पायरी ९ : यादी बाहेर कुठे काढावी

यादी वहीत ठेवून उपयोग नाही, ती पानात पडली पाहिजे. त्यासाठी खान्देशात भरीत पार्टीसारखी जागा नाही. जानेवारीची थंडी, यावलकडचं कोणाचं तरी शेत, पंधरावीस माणसं आणि पळून जायला कोणाकडे स्वतःची गाडी नाही.

वेळ साधण्यात सगळं कौशल्य आहे. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजत असतात तेव्हा बोलू नका. त्या वेळी प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. एक म्हणतो उलटव, दुसरा म्हणतो अजून कच्चं आहे, तिसरा चटके खात हातानेच साल ओढतो. मग वांगी आणि मिरच्या लाकडी बडजीत पडतात आणि मुसळी सुरू होते. तो धपधप आवाज चालू असताना कुब्रिक ऐकू जात नाही, मी प्रयत्न केलेला आहे. वरून लसणाची फोडणी, शेंगदाणे आणि कांद्याची पात पडली की पंगत बसते, आणि पंगतीत जो बोलतो त्याच्या वाट्याचं भरीत संपतं.

तुमची वेळ सुपारीची. जेवण झालेलं आहे, कोणी उठू शकत नाही आणि आडवं व्हायला अजून सतरंज्या घातलेल्या नाहीत. अशी सात मिनिटं मिळतात. घसा खाकरा आणि सुरुवात करा. माझा पहिला प्रयोग असा झाला :

"परवा 'सिटिझन केन' पुन्हा पाहिला."

"केन?" साखर कारखान्यात नोकरी केलेले एक काका जागे झाले. "केन ऑफिसावर पिच्चर निघाला का? त्यांना म्हणावं आधी मागच्या हंगामाचं बिल काढा."

पुढची सात मिनिटं उसाच्या बिलावर गेली आणि चर्चा फार विचारप्रवर्तक झाली. निराश होऊ नका. निघताना एक तरुण म्हणाला, "काका, यादी व्हॉट्सॲपवर टाका." मी टाकली. त्याने हात जोडलेला इमोजी पाठवला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवतो.

पार्टीत अमळनेरचा माणूस असेल तर वही खिशातून काढूच नका. त्यांच्या गावात १९१६पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे. तो सुपारी कातरता कातरता शांतपणे विचारतो, "विचार प्रवर्तित झाला हे ओळखायचं कसं?"

पायरी १० : घरच्यांपासून जपा

ही पायरी मी चुकलो. तुम्ही चुकू नये म्हणून सविस्तर सांगतो.

दहाव्या जागेसाठी मी 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' निवडला. १९४०, जॉन फोर्ड, स्टाइनबेकच्या कादंबरीवरचा, काळा-पांढरा आणि दोन तासांहून लांब. अशा सिनेमाच्या वाऱ्याला घरातलं कोणी उभं राहत नाही असा माझा अनुभव. पण त्या आठवड्यात पारोळा तालुक्यातल्या गावाहून आप्पा, म्हणजे माझे वडील, आले होते, मोतीबिंदू दाखवायला. दिवाणावर मांडी घालून बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "काय दखी ऱ्हायना रे?"

"काही नाही आप्पा, अमेरिकेचा आहे."

ते उठले नाहीत. पडद्यावर हेन्री फोंडा तुरुंगातून सुटून घरी येतो तर घर रिकामं. पावसाने दगा दिलेला, मातीची वादळं, गावच्या गावं उठवलेली. एक कुळ बंदूक घेऊन दारात उभं आहे आणि समोरून त्याचं घर पाडायला ट्रॅक्टर येतोय. ट्रॅक्टरवरचं पोरगं शेजाऱ्याचं, रोजाच्या तीन डॉलरसाठी आलेलं.

आप्पांना इंग्रजी येत नाही. ते म्हणाले, "पोऱ्या गावनाच शे."

मग थोड्या वेळाने, "यासनी जमीन कोनी लिधी?"

"कंपनीने."

"कंपनी कोनी?"

"बँकेची असेल."

"आनि बँक कोनी?"

मी गप्प बसलो. पडद्यावर तो बंदूकवालाही तेच विचारत होता, गोळी घालायची तर कोणाला, आणि कंपनीच्या माणसालाही उत्तर येत नव्हतं. एक अक्षर न समजता आप्पा त्याच प्रश्नावर त्याच्याबरोबर पोचले होते.

पुढे ते कुटुंब एका जुन्या ट्रकवर गाद्या, भांडी, म्हातारा-म्हातारी असं सगळं रचतं आणि कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागतं. जवळ एक छापील कागद : फळं तोडायला माणसं पाहिजेत. आप्पा ताठ बसले.

"सुरत," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, सिनेमा चालू ठेवून. बहात्तरच्या दुष्काळात धाकटा काका अमळनेरहून भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये बसला. पत्र्याची एक पेटी, एक स्टोव्ह आणि उधन्याच्या एका कारखान्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. जितके येतील तितक्यांना काम आहे, असं गावच्याच कोणीतरी सांगितलं होतं. तसंच सांगून आणखी किती गावांतून किती जण गेले याचा हिशोब नाही. आज उधना-लिंबायतला गल्ल्याच्या गल्ल्या आपली भाषा बोलतात. आपली तापी जिथे समुद्राला मिळते, तिथे आपला कॅलिफोर्निया आहे. हे मला माहीत होतं. यादी करताना आठवलं नव्हतं, एवढंच.

ट्रक पहिल्या छावणीत शिरत होता आणि लाईट गेली.

अंधारात आप्पांनी विचारलं, "पोचनात का त्या?"

आता खरं सांगायचं तर मी स्वतः हा सिनेमा तिथपर्यंतच पाहिला होता. यादीसाठी तेवढा पुरला होता. मी पायरी चारकडे धाव घेतली.

"आप्पा, याचा शेवट खुला आहे."

"खुला म्हंजे?" आप्पा म्हणाले. "तुना काका उधनाले उतरना. काम भेटनं तव्हय भेटनं. पन उतरना ना?"

गोधडी पहिल्यांदाच अपुरी पडली.

पावणेबाराला लाईट आली. मी झोपलो होतो. आप्पांनी हलवून उठवलं आणि म्हणाले, लाव. उरलेला सगळा पाहिला, दोघांनी, एकही वेफर न खाता. काम होतं त्याहून माणसं जास्त आली होती, म्हणून पेटीमागची मजुरी पाच सेंटांवरून निम्मी झाली होती. मी तेवढं भाषांतर करून सांगितलं. आप्पा म्हणाले, "कोनी करी निम्मी?"

तर होतकरूंनो, 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' यादीतून काढून टाका. घरच्या माणसाला कळतो आणि वर प्रश्न विचारायला लावतो, अशा सिनेमाला आपल्या यादीत जागा नाही. त्याच्या जागी आणखी एखादा कुब्रिक घाला, कूलर आहेच.

मी अजून काढू शकलेलो नाही. आप्पांना डॉक्टरांनी आणखी पंधरा दिवस थांबायला सांगितलं आहे. रोज जेवण झालं की ते दिवाणावर मांडी घालतात, चष्मा पुसतात आणि माझी वही मागतात. "मंग, दुसरा कोनता शे?" नऊ उरले आहेत. त्यातले मी पूर्ण किती पाहिले, याचा अंदाज तुम्हाला पायरी चारपासून आलाच असेल. तेव्हा ही वेळ स्वतःवर येऊ देऊ नका : वही कपाटात, कपाटाला कुलूप आणि वडील गावी.